“आय ॲम पंक” की “आय ॲम अ पंक”?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: मूळच्या नाशिकच्या आणि सध्या इंग्लंडमधील लीड्स येथे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका तरुणीने हे पत्र पाठवले आहे. त्या दोन मैत्रिणींसोबत एका छोट्या पंक बँडमध्ये (पंक म्हणजे रॉक संगीताचा एक बंडखोर प्रकार) ड्रम्स वाजवतात. कलाक्षेत्रातील एका शिष्यवृत्तीसाठी त्यांना स्वतःविषयी इंग्रजीत दोन पाने लिहायची आहेत. त्यांच्या मसुद्याचे पहिले वाक्य असे आहे: “आय ॲम अ पंक सिन्स २०१९ ॲण्ड पंक इज माय आयडेंटिटी.” विद्यापीठातील लेखन-मार्गदर्शक बाईंनी या वाक्यातील “ॲम” आणि “आयडेंटिटी” या शब्दांभोवती पेन्सिलीने वर्तुळे काढली, पण कारण लिहिले नाही. घरात सोबत राहणारी इंग्रज मैत्रीण म्हणाली की “आय ॲम अ पंक” असे आता कोणी म्हणत नाही, “आय ॲम इन्टू पंक” म्हणतात. नाशिकच्या भावाने शब्दकोश उघडला, तेव्हा त्याला “गुंड, टवाळ पोरगा” असा अर्थ सापडला आणि आईला काळजी वाटू लागली. त्यातच बँडच्या कापडी बिल्ल्यांवर त्यांनी “पंक्स नॉट डेड” असे छापून घेतले आणि एका कार्यक्रमात कोणीतरी त्यातील ॲपॉस्ट्रॉफी (इंग्रजीत संक्षेप किंवा मालकी दाखवणारे ’ हे चिन्ह) राहिल्याचे सर्वांसमोर दाखवून दिले. त्या विचारतात, “यातले बरोबर काय? आणि ज्या भाषेत मला हे एक वाक्य नीट लिहिता येत नाही, त्या भाषेतली ओळख मी स्वतःला लावून घ्यावी का?”

तुमच्या मार्गदर्शक बाईंच्या पेन्सिलीपासून सुरुवात करते, कारण त्या वर्तुळांमुळे तुम्हाला वाटते आहे तेवढे काही बिघडलेले नाही. “अ पंक” या शब्दांना त्यांनी हात लावलेला नाही, ते बरोबरच आहेत. पहिले वर्तुळ क्रियापदाच्या काळावर आहे. आपण मराठीत “मी २०१९ पासून पंक आहे” असे वर्तमानकाळात म्हणतो आणि ते निर्दोष मराठी आहे. इंग्रजीत मात्र भूतकाळातील एका क्षणी सुरू होऊन आजपर्यंत चालत आलेल्या स्थितीसाठी वेगळी रचना लागते, म्हणून तेथे “आय हॅव बीन अ पंक सिन्स २०१९” असे लिहावे लागते. “मी पाच वर्षांपासून पुण्यात राहते” या वाक्याचे इंग्रजी करताना मराठी, हिंदी, गुजराती बोलणारे आपण सगळे जेथे अडखळतो, ती ही जागा आहे. तिचा पंकशी काहीही संबंध नाही. दुसरे वर्तुळ व्याकरणाच्या चुकीसाठी नसावे असे मला वाटते, आणि त्याकडे मी पुढे येणार आहे.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे वळू. “बरोबर काय” असे विचारताना तुम्ही गृहीत धरले आहे की अनेक रूपांपैकी एकच शुद्ध आहे आणि बाकीची अशुद्ध आहेत. व्याकरणाच्या दृष्टीने “आय ॲम अ पंक”, “आय ॲम पंक” आणि “आय ॲम इन्टू पंक” ही तिन्ही वाक्ये शुद्ध आहेत, मात्र ती तीन वेगवेगळी विधाने करतात. हा फरक आपल्या कानाला लवकर जाणवत नाही, त्याचे कारण आपल्याच भाषेत आहे. मराठीत “मी शिक्षक आहे” आणि “मी प्रामाणिक आहे” या दोन वाक्यांचा सांगाडा एकच आहे. पहिल्यात नाम आहे, दुसऱ्यात विशेषण आहे, पण वाक्याच्या बाह्य रूपात काहीच बदलत नाही. इंग्रजीत मात्र मोजता येणारे एकवचनी नाम असे उघडे ठेवता येत नाही, त्याच्यापुढे “अ” यावेच लागते, आणि विशेषण एकटे असेल तर त्याच्यापुढे ते येऊ शकत नाही. “पंक” हा शब्द इंग्रजीत तीन कामे करतो. तो एका संगीतप्रकाराचे आणि चळवळीचे न मोजता येणारे नाव आहे. तो त्या चळवळीतील व्यक्तीसाठीचे मोजता येणारे नाम आहे. आणि तो विशेषणही आहे. त्यामुळे तुमच्या वाक्यात “अ” आहे की नाही, यावरून वाचणाऱ्याला तुम्ही यांपैकी कोणता शब्द वापरता आहात हे कळते.

“आय ॲम अ पंक” म्हणजे मी त्या लोकांपैकी एक आहे. हे सदस्यत्वाचे विधान आहे, आणि “मी वारकरी आहे” असे म्हणताना जसा मागे एक समुदाय, त्याची रीत आणि इतिहास उभा असतो, तसा तो येथेही असतो. “आय ॲम पंक” म्हणजे माझी वृत्ती, माझे वागणे त्या प्रकारचे आहे. येथे कोणत्याही समूहाचा भाग असल्याचा दावा नाही, गुणाचा दावा आहे. म्हणूनच इंग्रजीत एखाद्या कृतीला, एखाद्या आजीला किंवा एखाद्या इमारतीलाही “व्हेरी पंक” म्हणता येते, पण कृतीला किंवा इमारतीला “अ पंक” म्हणता येत नाही. “आय ॲम इन्टू पंक” म्हणजे मला त्या संगीताची, त्या जगाची आवड आहे. यात ओळखीचा दावा जवळजवळ नाहीच. न्यू यॉर्कच्या रॅमोन्स या बँडने १९७६ च्या आपल्या पहिल्या अल्बममधील एका गाण्याला “जूडी इज अ पंक” असे नाव दिले आणि १९७७ मध्ये “शीना इज अ पंक रॉकर” हे गाणे काढले. दोन्ही शीर्षकांत मुलीच्या नावापुढे “अ” आहे, कारण जूडी आणि शीना या दोघी त्या जगातील व्यक्ती म्हणून आपल्यासमोर येतात. “पंक रॉकर” हे रूप सर्वांत निःसंदिग्ध आहे, कारण त्याला गुंडगिरीचा अर्थ चिकटत नाही. आज ते किंचित जुन्या वळणाचे वाटते, एवढीच त्याची उणीव आहे.

तुमच्या भावाने शब्दकोशात जे वाचले ते खोटे नाही, आणि म्हणून आईला “त्याला काही कळत नाही” असे सांगू नका. शेक्सपिअरच्या काळातील इंग्रजीत हा शब्द वेश्येसाठी वापरला जात असे. पुढे विसाव्या शतकातील अमेरिकेत तो किरकोळ गुन्हेगार, उनाड पोरगा, कशाच्याही लायकीचा नसलेला तरुण यांच्यासाठी रुळला, आणि तुरुंगाच्या बोलीत तर त्याला त्याहून अपमानकारक अर्थ होता. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील संगीत-समीक्षकांनी तो काही ओबडधोबड रॉक बँडसाठी वापरायला सुरुवात केली. जानेवारी १९७६ मध्ये न्यू यॉर्कमध्ये याच नावाच्या मासिकाचा पहिला अंक निघाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लंडनच्या हण्ड्रेड क्लबमध्ये दोन दिवसांचा पंक महोत्सव झाला, आणि १ डिसेंबरला बिल ग्रंडी यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात सेक्स पिस्टल्स या बँडने थेट प्रक्षेपणात शिव्या दिल्यानंतर हा शब्द ब्रिटनमधील घराघरांत पोहोचला. शिवी म्हणून वापरल्या जाणाऱ्या शब्दाला त्या मुलामुलींनी स्वतःचे नाव करून घेतले. मात्र जुना अर्थ त्यामुळे मेला नाही. आजही अमेरिकेत एखादा वयस्क माणूस एखाद्या मुलाला उद्देशून “यू पंक” म्हणतो, तेव्हा तो संगीताविषयी बोलत नसतो.

याचा तुमच्या अर्जाशी थेट संबंध आहे. निवड समितीतील वाचक कोणत्या देशाचा, किती वयाचा असेल हे तुम्हाला ठाऊक नाही. पहिल्याच ओळीत, आगामागा नसताना, “अ पंक” हे दोन शब्द एकटे उभे राहिले, तर वाचणाऱ्याला क्षणभर थांबून अर्थ निवडावा लागतो. तेच शब्द ड्रम्स, बँड, तालमीची खोली, गाणी यांच्या शेजारी आले की दुसरा अर्थ मनात येतच नाही. म्हणून माझा पहिला व्यावहारिक सल्ला असा की संगीत आधी येऊ द्या आणि नाव नंतर. “आय हॅव प्लेड ड्रम्स इन अ पंक बँड सिन्स २०१९” या वाक्याने सुरुवात झाली, तर पुढे “आय कॉल मायसेल्फ अ पंक” म्हणण्याची तुमची जागा आपोआप तयार होते.

येथेच एक बारीक गोष्ट सांगते, कारण आपल्याकडील लेखनात ती फार वेळा चुकते. इंग्रजीत “आय कॉल मायसेल्फ अ पंक” आणि “आय कन्सिडर मायसेल्फ अ पंक” या दोन्ही वाक्यांत मध्ये “ॲज” घालण्याची गरज नसते. आपण “स्वतःला पंक म्हणून ओळखते” या मराठी रचनेतील “म्हणून” सोबत घेऊन जातो आणि “कन्सिडर मायसेल्फ ॲज अ पंक” असे लिहितो. “आयडेंटिफाय” या क्रियापदाला मात्र “ॲज” लागतेच. “आय आयडेंटिफाय ॲज अ पंक” आणि “आय आयडेंटिफाय ॲज पंक” ही दोन्ही रूपे चालतात, आणि त्यांच्यात नाम व विशेषण यांचाच वर सांगितलेला फरक आहे. तसेच “आय ॲम बिलाँगिंग टू” असे लिहू नका. ते क्रियापद अशा चालू काळात येत नाही, म्हणून साधे “आय बिलाँग टू” लिहावे. बँडच्या परिचयात “वी आर पंक”, “वी आर पंक्स” आणि “वी आर अ थ्री-पीस पंक बँड” ही तिन्ही वाक्ये बरोबर आहेत, पण “पंक्स बँड” चुकीचे आहे, कारण दुसऱ्या नामापुढे विशेषणासारखे बसलेले नाम सहसा एकवचनी राहते. संगीतप्रकाराचे नाव वाक्याच्या मध्ये आले तर पहिले अक्षर मोठे करू नका. त्या न्यू यॉर्कच्या मासिकाचे नाव लिहिताना मात्र ते मोठेच हवे.

आता दुसऱ्या वर्तुळाकडे येते. “पंक इज माय आयडेंटिटी” हे वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहे. तेथे “पंक” हे चळवळीचे नाव आहे, म्हणून “अ” नाही, आणि तुम्ही ते योग्यच लिहिले आहे. मार्गदर्शक बाईंना कदाचित एवढेच सुचवायचे असेल की हे वाक्य बोलते मोठे, पण सांगत काही नाही. “पंक ही माझी ओळख आहे” हे मराठीत सहज वाटते, कारण आपल्याकडे “ओळख” हा रोजच्या वापरातला शब्द आहे. इंग्रजीतील “आयडेंटिटी” त्या मानाने जड आहे, आणि असे वाक्य वाचले की तुमच्या व्यक्तिमत्त्वात दुसरे काहीच नाही असा भास होतो. तुम्ही नाशिकच्या आहात, मराठी आहात, विद्यार्थिनी आहात, ड्रम्स वाजवता, आणि हे सगळे त्या अर्जात यायला हवे. तो शब्द ठेवायचाच असेल तर “माय आयडेंटिटी ॲज अ पंक” किंवा “माय पंक आयडेंटिटी” असे लिहा. यांपैकी पहिले व्यक्तीवर भर देते, दुसरे अनेक ओळखींपैकी एकीवर. “पंक’स आयडेंटिटी” असे मात्र लिहू नका, कारण त्याचा अर्थ त्या चळवळीची स्वतःची ओळख असा होतो आणि तुम्ही वाक्यातून नाहीशा होता. मला विचाराल, तर “पंक इज पार्ट ऑफ हू आय ॲम” हे वाक्य मी निवडेन. ते साधे आहे आणि तुमच्या बाकीच्या आयुष्याला त्यात जागा उरते.

कापडी बिल्ल्यांबद्दल तुम्ही फार लाजू नका. “पंक नॉट डेड” या आशयाच्या घोषणेची दोन रूपे प्रचलित आहेत आणि दोघांनाही इतिहास आहे. एडिंबरोच्या द एक्सप्लॉयटेड या बँडचा १९८१ चा पहिला अल्बम “पंक्स नॉट डेड” याच नावाने, ॲपॉस्ट्रॉफीशिवाय निघाला. पंक संपले असे जाहीर करणारे गाणे क्रास या ब्रिटिश बँडने त्याआधीच केले होते, त्यामुळे ही घोषणा तेव्हा एका चालू वादातील बाजू होती. व्याकरणाने पाहिले तर “पंक इज” याचा संक्षेप म्हणून तेथे ॲपॉस्ट्रॉफी हवीच, आणि २००७ मध्ये याच नावाचा जो माहितीपट आला त्याच्या शीर्षकात ती आहे. म्हणजे तुमचा बिल्ला त्या अल्बमचे नाव म्हणून पाहिला तर अचूक आहे, आणि तुमचे स्वतःचे वाक्य म्हणून पाहिला तर एका चिन्हाने अपुरा आहे. अर्जात या अल्बमचा उल्लेख करायचा झाला तर नाव जसे छापले आहे तसेच, चिन्हाशिवाय लिहा, कारण विशेषनाम सुधारण्याचा अधिकार आपल्याला नसतो. तेच मत तुम्ही स्वतःच्या शब्दांत मांडत असाल तर “पंक’स नॉट डेड” किंवा सरळ “पंक इज नॉट डेड” लिहा. अनेक पंक व्यक्तींच्या मालकीची गोष्ट सांगायची असेल तेव्हा ॲपॉस्ट्रॉफी अनेकवचनाच्या “स”नंतर येते, आणि नुसत्या अनेकवचनात ती कधीच नसते.

नियम मोडणे हाच पंकचा धर्म असल्यामुळे व्याकरणही मोडावे, असे तुमच्या एखाद्या मित्राने सांगितले असेल तर ते मला पटत नाही. बिल्ल्यावर, पोस्टरवर, हाताने काढलेल्या पत्रिकेवर मोडलेली भाषा बोलते, कारण पाहणाऱ्याला ती मुद्दाम मोडली आहे हे दिसते. शिष्यवृत्तीच्या अर्जात ती तशी दिसत नाही. तेथे परकीय विद्यार्थिनीची चूक केवळ चूक म्हणूनच वाचली जाते, हे अन्यायाचे असले तरी खरे आहे, आणि त्याची किंमत तुम्हाला मोजावी लागू नये अशी माझी मनापासून इच्छा आहे.

तुमच्या मैत्रिणीचे म्हणणेही अर्धे खरे आहे. त्या वर्तुळात स्वतःच स्वतःला पंक म्हणवून घेणाऱ्याकडे संशयाने पाहण्याची जुनी सवय आहे. टेलिव्हिजन पर्सनॅलिटीज या बँडने १९७८ मध्येच शनिवार-रविवारपुरत्या पंक होणाऱ्यांवर “पार्ट टाइम पंक्स” हे गाणे केले होते. त्यामुळे लीड्समधील तुमची मैत्रीण बोलताना “इन्टू पंक” असे नम्र रूप निवडते, यात नवल नाही, आणि गप्पांमध्ये तुम्हीही ते खुशाल निवडा. अर्ज मात्र गप्पांपेक्षा वेगळा असतो. तेथे “मला आवड आहे” एवढेच सांगणाऱ्या हजार जणांत तुम्ही हरवाल. सहा वर्षे असोत की दोन, स्वतः वाजवणाऱ्या, बिल्ले छापणाऱ्या, कार्यक्रम करणाऱ्या माणसाने आपण काय करतो ते स्पष्ट लिहिले, तर त्यात फुशारकी नाही. दाव्याच्या शेजारी काम ठेवा: कोठे वाजवले, गाणी कोणी लिहिली, ती कशाबद्दल आहेत, तालमीसाठी जागा कशी मिळवली. तुम्ही पत्रात बँडच्या गाण्यांविषयी एक शब्दही लिहिलेला नाही, आणि मला वाटते अर्जाच्या मसुद्यातही तेच झाले असावे.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, जो मला सर्वांत जास्त लागला. इंग्रजी नीट येत नाही म्हणून ही ओळख आपली नाही, हे गृहीतक तुम्ही सोडून द्यावे. ही ओळख सुरुवातीपासून फक्त गोऱ्या इंग्रज मुलांची नव्हती. एक्स-रे स्पेक्स या लंडनच्या बँडची गायिका पॉली स्टायरीन हिचे वडील सोमाली होते. १९७९ च्या सुमारास दक्षिण लंडनमध्ये एलियन कल्चर (म्हणजे “परकी संस्कृती”) नावाचा बँड उभा राहिला, ज्यात स्थलांतरित पाकिस्तानी कुटुंबांतील तीन तरुण होते. वेगळ्या संस्कृतीच्या लोकांमुळे आपला देश बुडून जाईल अशी भीती लोकांना वाटते, या मार्गारेट थॅचर यांच्या १९७८ मधील विधानाला त्यांनी बँडच्या नावातूनच उत्तर दिले होते. डिसेंबर २०११ मध्ये इंडोनेशियातील आचे प्रांतात पोलिसांनी एका कार्यक्रमातून साठहून अधिक पंक मुलामुलींना पकडले, त्यांचे केस कापले आणि त्यांना “सुधारण्यासाठी” पोलिसांच्या प्रशिक्षण केंद्रात ठेवले. त्या मुलांची मातृभाषा इंग्रजी नव्हती, आणि त्यांना पकडताना “अ” कोठे हवे हे कोणी विचारले नाही. तुम्ही राहता त्या लीड्समध्येही गँग ऑफ फोर आणि मीकॉन्स हे बँड विद्यापीठातील विद्यार्थ्यांमधूनच आले. त्यांच्या संगीताला “पोस्ट-पंक”, म्हणजे पंकमधून पुढे निघालेला प्रकार, असे म्हणतात; त्यांच्याविषयी लिहाल तेव्हा या शब्दातील संयोगचिन्ह विसरू नका.

आईंसाठी शब्दकोशातील अर्थ उपयोगाचा नाही. त्यांना बँडच्या तालमीचे चित्रण पाठवा आणि एका गाण्याचा अर्थ मराठीत सांगा. काळजी शब्दाची नसते, मुलगी कोणाच्या संगतीत आहे याची असते, आणि तिचे उत्तर तुमच्या त्या दोन मैत्रिणींना फोनवर भेटवून जास्त चांगले देता येईल.

असाच प्रश्न पडणाऱ्या इतर वाचकांसाठी, मग ते मेटल ऐकणारे असोत, रॅप करणारे असोत किंवा गॉथ कपडे घालणारे असोत, एक उपयोगी सवय सांगते. स्वतःला एखादे नाव लावण्याआधी ते नाव इंग्रजीत कोणती कामे करते ते विद्यार्थ्यांसाठीच्या चांगल्या शब्दकोशात पाहा. तेथे नाम मोजता येणारे आहे की नाही आणि शब्द विशेषण म्हणून येतो की नाही, हे स्पष्ट दिलेले असते. “गॉथ” हा शब्द “पंक”सारखाच दोन्ही बाजूंनी चालतो, म्हणून “आय ॲम अ गॉथ” आणि “आय ॲम गॉथ” दोन्ही शक्य आहेत. “हिप-हॉप” हे मात्र व्यक्तीचे नाव होत नाही, तेथे “रॅपर” किंवा “हिप-हॉप आर्टिस्ट” म्हणावे लागते. “मेटल”चेही तसेच आहे, त्या संगीताचा चाहता “मेटलहेड” असतो. शब्दकोश पाहून झाला की वाक्य मोठ्याने वाचा आणि “पंक”च्या जागी आधी “टीचर” व मग “ऑनेस्ट” घालून पाहा. पहिला शब्द नीट बसला तर “अ” हवे, दुसरा बसला तर नको. तुमच्या मसुद्यातील प्रत्येक “पंक” या चाचणीतून काढा, आणि मग पाने पुन्हा मार्गदर्शक बाईंकडे नेऊन त्यांना वर्तुळांचे कारण थेट विचारा, कारण दुसऱ्या वर्तुळाबद्दल मी जे लिहिले तो माझा अंदाज आहे आणि त्यांचे उत्तर तुमच्या अर्जासाठी त्याहून मोलाचे ठरेल.